गोव्यात अळम्यांची खोली: एसी लावायचा की वारा खेळवायचा?

"घरामागची चिऱ्याची खोली रिकामी आहे, तिथे अळमी, म्हणजे मशरूम, घ्यायची आहेत. एसी किती टनाचा लावू?" डिचोली-सत्तरीकडून हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. विचारणाऱ्याच्या डोक्यात फक्त तापमान असते. गोव्यात उकडते, अळमी थंडाव्यात होतात, म्हणजे थंड करणारे यंत्र हवे. पहिल्या वर्षी मीही हाच हिशेब केला. दीड टनाचा एसी बसवला, थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांना प्लास्टिक मारले आणि धिंगरीचे (ऑयस्टर मशरूमचे) ऐंशी बेड, म्हणजे अळमीचे बी घालून पेंढ्याने भरलेल्या पिशव्या, टांगले. काटा २४ अंशांवर, आर्द्रता ८५ टक्के, सगळे पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. आली ती अळमी मात्र बोटभर लांब देठाची आणि नाण्याएवढ्या टोपीची. बाजारात कोणी हात लावला नाही.

चूक हवेत होती. अळमी झाडासारखी नसतात, ती आपल्यासारखा श्वास घेतात: प्राणवायू आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर. बाहेरच्या मोकळ्या हवेत हा वायू दर दहा लाख भागांत सुमारे ४२५ भाग असतो. ऐंशी बेड भरलेली खोली रात्रभर बंद ठेवली की तो काही हजारांवर जातो. धिंगरीला फळधारणेच्या वेळी, म्हणजे देठ-टोपी येताना, तो १००० भागांच्या खाली लागतो. त्याच्या वर गेला की देठ ताजी हवा शोधत लांबत जातो आणि टोपी उघडत नाही. आणि घरगुती स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा फिरवून थंड करतो. हे मला ठाऊक असते तर तो हंगाम वाचला असता.

गोव्याच्या माणसाला हे समजायला रोयणीकडे बघावे. पहिले पाऊस पडले की वारुळावर जी रोयणी अळमी येतात, त्यांची बुरशी वाळवीने वारुळाच्या पोटात, कोंदट अंधारात वाढवलेली असते. पण टोपी उघडते ती वर, उघड्या हवेत. धिंगरीचेही असेच आहे. बेडमध्ये बुरशी पसरत असते तेव्हा तिला कोंदटपणा चालतो, उलट मानवतो. पिनहेड, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे कोंब, दिसू लागले की तिला वारा हवा. एकाच पिकाच्या या दोन अवस्थांना दोन वेगळ्या हवा लागतात, आणि खोली ठरवताना सगळ्यात आधी हे ध्यानात घ्यायचे.

दोन खोल्या, तीन ऋतू

एका बाजूला एसीची बंद खोली, दुसऱ्या बाजूला खेळत्या हवेची खोली: चिऱ्याच्या भिंती, वर कौले, खाली वाळू, खिडक्यांना बारीक नायलॉन जाळी, भिंतीला ओले गोणपाट आणि एक एक्झॉस्ट पंखा. आता ऋतूप्रमाणे दोन्ही तपासू.

पावसाळ्यात बाहेर साधारण २५ ते २९ अंश असते आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास. धिंगरीला याहून वेगळे काही लागत नाही. खेळत्या हवेच्या खोलीत या दिवसांत फवारणी जवळजवळ नको, पंखा मात्र हवाच. हवा हलली नाही तर टोपीवर पाणी साचून राहते आणि जिवाणूंचे पिवळे-तपकिरी डाग पडतात. लोक पावसाळ्यात आर्द्रता वाढवण्याच्या मागे असतात, खरे काम असते टोपीची ओल सुकवण्याचे. बंद खोलीत याच दिवसांत वीज गेली की बेडची स्वतःची ऊब आणि वायू दोन्ही आत कोंडतात. गावाकडे जुलैत वीज किती वेळ जाते ते तुम्ही जाणताच.

डिसेंबर-जानेवारीत रात्री २० अंशांच्या आसपास उतरतात, दिवसा ऊन असले तरी हवा कोरडी होते. घाटाकडून वारा सुटला की दुपारची आर्द्रता ५०-६० टक्क्यांवर येते. हा ओल्या गोणपाटाचा काळ. हवा कोरडी असली की पाणी भराभर उडते आणि खोली चार-पाच अंशांनी सहज उतरते, आर्द्रताही वर जाते. एका पाण्यात दोन कामे. एसी इथे उलटा वागतो: थंड करताना हवेतली वाफ काढून नळीतून बाहेर सोडतो, मग ती परत भरायला वेगळा फॉगर (पाण्याचे धुके सोडणारे यंत्र) चालवायचा. एक यंत्र पाणी काढते, दुसरे घालते, आणि बिल दोन्हींचे.

एप्रिल-मे हा खरा कसोटीचा काळ, आणि एसीच्या बाजूने जे काही बोलण्यासारखे आहे ते इथेच. बाहेर ३३-३४ अंश, त्यात समुद्राचा दमटपणा. हवा आधीच अर्धीअधिक भरलेली असल्यामुळे गोणपाट किंवा कुलर लावून खोली फार तर २९-३० पर्यंत येते. राजस्थानात चालणारा कुलर पेडण्यात का चालत नाही, याचे कारण एवढेच. त्यात बेडचा गाभा खोलीपेक्षा दोन-तीन अंश गरम असतो. खोली ३२ वर गेली की आतली बुरशी मंदावते आणि हिरवी बुरशी पेंढ्याचा ताबा घेते. या दोन महिन्यांत धिंगरीच हवी असेल तर खेळत्या हवेची खोली पुरी पडत नाही, हे मी कबूल करतो. पण धिंगरीच हवी का?

पीक बदलणे यंत्रापेक्षा स्वस्त

दुधी अळमी, ज्याला बाजारात मिल्की म्हणतात, ३० ते ३५ अंशांत खुलते. ती आपल्याच देशातली आहे. तिची पहिली नोंद १९७४ मध्ये बंगालातून झाली आणि कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये तिचा लागवडीचा वाण दिला. जो मे महिना धिंगरीला मारतो तोच हिला लागतो. तिला जास्तीचे काम आहे ते केसिंगचे: बुरशी पसरल्यावर बेडवर निर्जंतुक केलेल्या मातीचा इंचभर थर द्यायचा आणि तो ओला राखायचा. पीक थोडे उशिरा येते, पण काढल्यावर फ्रीजशिवाय तीन-चार दिवस टिकते. धिंगरी दुसऱ्या दिवशीच मलूल होते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासाठी गुरुवारी सकाळी काढून ठेवता येणे किती मोलाचे आहे, ते विकणाऱ्यालाच कळते. हिलाही वारा लागतोच. हवा कोंडली तर देठ जाड आणि टोपी बटणासारखी मिटलेली राहते.

आता बटण, म्हणजे पांढरी गोल मशरूम. हॉटेलवाले तेच मागतात, म्हणून मोह होतो. फळधारणेला १४ ते १८ अंश, आर्द्रता ८५-९० टक्के आणि वायू १००० भागांच्या खाली, हे तिन्ही एकाच वेळी. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. तासाला पाच वेळा ती बदलायची तर १७० घनमीटर ताजी हवा आत घ्यावी लागते. पावसाळ्यातल्या २८ अंशांच्या हवेत दर घनमीटरला २४-२५ ग्रॅम वाफ असते. तीच हवा १७ अंशांवर आणली की १३-१४ ग्रॅमच मावते. म्हणजे नुसत्या ताज्या हवेपायी तासाला दीड-दोन लिटर पाणी निथळवत बसायचे, रात्रंदिवस. घरगुती एसी, ज्याचा खालचा आकडाच १६ असतो, हे ओझे पेलत नाही. त्यासाठी पफच्या (उष्णता अडवणाऱ्या फोमच्या) भिंती, चिलर (पाणी गार करणारे यंत्र), हवा मिसळून सोडणारे एअर हँडलिंग युनिट आणि जनरेटर लागतो, शिवाय कंपोस्ट बाहेरून आणावे लागते. तो कारखाना आहे. भांडवल आणि हॉटेलांची लेखी मागणी हातात असेल तर जरूर करा. घरामागच्या खोलीत करू नका.

विजेचेही सांगतो. दीड टनाचा एसी पूर्ण जोराने चालला तर साधारण दीड किलोवॉट ओढतो. दिवसाला बारा तास धरले तर १८ युनिट, महिन्याला ५४०. एक्झॉस्ट पंखा टायमरवर तासातून दहा-पंधरा मिनिटे चालवला तर महिन्याला दहा-बारा युनिटांतच भागते.

आकडा खरा की खोटा

कार्बन डायऑक्साइडचा मीटर घेताना तो एनडीआयआर (अवरक्त किरणांनी वायू मोजणाऱ्या) सेन्सरचा आहे याची खात्री करा. काही स्वस्त मीटर हा वायू मोजतच नाहीत. हवेतल्या इतर वासांवरून अंदाज बांधतात, आणि आंबलेल्या पेंढ्याच्या वासाने भरलेल्या खोलीत तो अंदाज साफ चुकतो. मीटर नसेल तर अळमीच सांगतात: देठ लांबू लागला की पंखा वाढवा. आर्द्रतेचा मीटर घरीच तपासता येतो. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखे ओले करा, मीटरसोबत हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवा. आकडा ७५ च्या जवळ यायला हवा. जितका फरक दिसेल तितका रोजच्या वाचनात धरून चाला.

पंखा खालच्या अंगाला, जमिनीपासून फूट-दीड फुटावर बसवा आणि ताजी हवा समोरच्या भिंतीतून वरून घ्या, म्हणजे खालच्या रांगेतल्या बेडभोवती हवा साचत नाही. धिंगरी टोपीची कड वर वळण्याआधी काढा. उशीर झाला की तिची बीजाणूंची पूड हवेत भरते आणि रोज आत जाणाऱ्याला खोकला, धाप लागते. तोंडाला मास्क बांधूनच आत जा, घरातल्या मुलांना पाठवू नका.

पेंढ्याचाही विचार आत्ताच करा. पावसाळी पिकासाठी लागणारा पेंढा वायंगण (उन्हाळी) भाताच्या कापणीनंतर, मार्च-एप्रिलमध्येच कोरडा आणि पिवळाधमक असताना माळ्यावर चढवायला हवा. जूनमध्ये शोधत फिरलात तर भिजलेला मिळतो, आणि त्यातली परकी बुरशी कोणत्याही पंख्याने जात नाही.

माझी निवड अशी: जून ते फेब्रुवारी धिंगरी, मार्च ते मे दुधी, दोन्ही खेळत्या हवेच्या खोलीत. नव्याने सुरू करणाऱ्याने पैसे आधी जाळी, पंखा आणि टायमरवर घालावेत, मग फॉगरवर. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर फॉगरआधी फिल्टर बसवा, नाहीतर नोझल तुंबतात. आणि घरात जुना एसी पडून असेलच, तर तो फळधारणेच्या खोलीत लावू नका. शेजारी एक छोटी, अंधारी, बंद खोली करा आणि फेब्रुवारीच्या उन्हात धिंगरीचे शेवटचे बेड तिथे २५ अंशांवर बुरशी पसरेपर्यंत ठेवा. त्या पंधरा-वीस दिवसांत त्यांना वारा नकोच असतो. माझा पहिल्या वर्षीचा एसी आता तिथेच आहे.