रोज नवा प्लॅन: व्हिलिगेनच्या प्रोटॉन उपचाराचं परीक्षण

स्वित्झर्लंडमधल्या व्हिलिगेनच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटने १९९६ साली प्रोटॉनचं स्पॉट स्कॅनिंग, म्हणजे बारीक प्रोटॉन किरणाने कॅन्सरची गाठ ठिपक्याठिपक्याने भरून काढणं, रुग्णांवर सुरू केलं. अलीकडे तिथे काही रुग्णांसाठी प्रत्येक सिटिंगला त्या दिवसाच्या सीटीवर नवा प्लॅन (किरण कुठून, किती सोडायचा याचा आराखडा) करण्याची पद्धत वापरली गेली आहे. एवढा खटाटोप हवाच का? नाक-सायनसच्या गाठींसाठी, नक्कीच.

प्रोटॉन किती खोल जाऊन थांबणार, हे वाटेत काय आहे त्यावर ठरतं. सायनस रिकामा धरून प्लॅन केला आणि नंतर तिथे २ सेंमी शेंबूड साचला, तर किरण जवळपास तेवढाच अलीकडे थांबतो. गाठीच्या मागच्या भागाला डोस पोचतच नाही. भरलेला सायनस मोकळा झाला तर उलटं, डोस मेंदूच्या देठापर्यंत घुसू शकतो. प्लॅनमध्ये नेहमी धरलेली सूट (रुग्णाच्या जागेतल्या चुकीसाठी ३ मिमी आणि किरणाच्या खोलीतल्या चुकीसाठी ३.५ टक्के) इथे पुरत नाही. आठवड्याला एक सीटी काढून नवा प्लॅन करायचा म्हटलं, तरी तो हाती येईपर्यंत काही सिटिंग जुन्यावरच होतात.

व्हिलिगेनला गँट्रीच्या (रुग्णाभोवती फिरून किरण सोडणाऱ्या यंत्राच्या) खोलीतच रुळांवरचा सीटी आहे, ही या व्यवस्थेची सर्वांत जमेची बाजू. कोन-बीम सीटी (उपचाराच्या मशीनवरच बसवलेला, शंकूसारख्या क्ष-किरणाचा सीटी) सोयीचा खरा, पण विखुरलेल्या क्ष-किरणांमुळे त्यातले ऊतींच्या घनतेचे आकडे चुकतात. ते दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर हवेचे बुडबुडे भलत्याच जागी दाखवू शकतं, आणि प्रोटॉनला नेमकं तेच महागात पडतं.

रुग्ण टेबलावर असल्याने फँटममध्ये (रुग्णाच्या जागी ठेवायच्या चाचणीच्या ठोकळ्यात) डोस मोजून बघता येत नाही. त्याऐवजी दुसऱ्या, स्वतंत्र प्रोग्रॅमने डोस पडताळतात आणि सिटिंगनंतर मशीनच्या लॉगवरून प्रत्यक्ष दिलेला डोस पुन्हा काढतात. ही तडजोड आम्हाला पटते.

वेळ गणितात जात नाही, कॉन्टूर (सीटीवर गाठीभोवती आणि अवयवांभोवती आखलेल्या रेषा) तपासण्यात जातो. मूळ कॉन्टूर आहेत तसे उचलून नव्या सीटीवर बसवणं कवटीत चालतं. मानेत वजन उतरून डोकं-मान जागेवर धरणारा मास्क सैल झाला, लाळग्रंथी आक्रसल्या, की प्रत्येक कॉन्टूर डॉक्टरांनीच बघावा लागतो. तोवर रुग्ण हलला तर सगळी मेहनत वाया, म्हणून किरण सोडण्याआधी पुन्हा एक्स-रे.

कवटीच्या आतल्या, हवेच्या पोकळीपासून लांबच्या गाठींना आठवड्याची तपासणी सहसा पुरते. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या (टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र) तीन गँट्रींच्या केंद्रातही रोजचा प्लॅन सरसकट सगळ्यांना नको; दर रुग्णामागे वाढलेली मिनिटं पुढच्याच्या वेळेतून जातात. प्रोटॉनचं केंद्र निवडताना मशीनच्या नावाआधी दोन गोष्टी विचारा: मधला सीटी किती दिवसांनी काढता, आणि बदल दिसला तर नवा प्लॅन कितव्या सिटिंगपासून लागतो?