‘आर्म्स अँड द मॅन’: चॉकलेटपेक्षा मोलकरीण भारी

बर्नार्ड शॉच्या या नाटकाबद्दल कोणालाही विचारा, तो चॉकलेटवाल्या सैनिकाचीच गोष्ट सांगणार. सीन भन्नाट आहेच, वाद नाही. पण पुस्तक घ्यावं का असं कोणी विचारलं तर मी हो म्हणेन ते लुकासाठी, म्हणजे त्या घरातल्या मोलकरणीसाठी.

थोडक्यात गोष्ट अशी. नोव्हेंबर १८८५, सर्बिया आणि बल्गेरियाचं युद्ध, स्लिव्हनित्साची लढाई बल्गेरियाने नुकतीच जिंकलीय. मेजर पेटकॉफची मुलगी रैना खुशीत आहे कारण तिच्या होणाऱ्या नवऱ्याने, सर्जियसने, घोडदळ घेऊन थेट शत्रूच्या मशीनगनवर चाल केली म्हणे. आणि रात्री पाण्याच्या पाइपवरून चढून तिच्याच बेडरूममध्ये घुसतो सर्बियाकडून लढणारा, पळत सुटलेला एक स्विस भाडोत्री कॅप्टन, ब्लंट्श्ली. दमलेला, भुकेला, काडतुसांच्या जागी चॉकलेट ठेवणारा (आणि तेही संपलेलं). आता हा बाबा तिला सांगतो की ती चाल म्हणजे निव्वळ येडेपणा होता, आमच्या मशीनगनला चुकीची काडतुसं आली म्हणून ते वाचले नाहीतर एकही परत गेला नसता, आणि त्या पुढे पळणाऱ्या हिरोला आठवून खो खो हसतो. मग ती त्याला सर्जियसचा फोटो दाखवते. इथे मी पुस्तक बाजूला ठेवून हसले.

नाटक पहिल्यांदा लंडनमध्ये १८९४ साली झालं हे लक्षात ठेवून वाचा, म्हणजे शूर सैनिकाची अशी टिंगल करायला काय हिंमत लागली असेल ते कळतं. नावसुद्धा व्हर्जिल या रोमन कवीच्या महाकाव्याच्या पहिल्या ओळीवरून घेतलंय, जिथे शस्त्रं आणि वीर यांचं गाणं गायचं असतं. शॉने त्याच नावाखाली उपाशी आणि झोपाळू सैनिक उभा केला. सगळ्यात बोचरी गोष्ट मात्र सर्जियसच्या तोंडीच आहे: त्याला बढती मिळत नाही कारण त्याच्याच बाजूचे मोठे रशियन सेनापती नियमाप्रमाणे लढाई हरत असताना याने ती चुकीच्या पद्धतीने जिंकली. ऑफिसात काम केलेल्या प्रत्येकाला हे कळेल.

प्रेमाचा भाग मला थोडा ठरलेला वाटला. रैना आणि सर्जियस ‘उच्च प्रेमा’च्या गप्पा मारतात आणि ती टोपी आणायला आत गेली रे गेली की हा लुकाला कवेत घेतो आणि वर म्हणतो की उच्च प्रेम फार वेळ चालवणं जाम थकवतं. मजा येते, पण पुढे काय होणार ते तिथेच कळतं. त्यात तिसऱ्या अंकात जुन्या कोटाच्या खिशात सापडलेला रैनाचा फोटो वगैरे योगायोग जरा जास्तच झालेत.

खरी मजा नोकरांच्या सीनमध्ये आहे. निकोला हा जुना नोकर, लुकाशी त्याचं लग्न ठरलेलं, आणि त्याचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच की मालकाची मर्जी राखा, पैसे जमवा, सोफियात दुकान टाका. लुका त्याला तोंडावर म्हणते की तुझा आत्माच नोकराचा आहे, तर हा शांतपणे म्हणतो हो, नोकरीत यश मिळवायचं गुपितच ते! आणि लुका सर्जियसशी लग्न करायच्या मागे लागल्यावर हा चिडत नाही, तर ती उद्याची चांगली गिऱ्हाईक होईल असा हिशोब करतो. वाचताना अंगावर काटा आला. लुका मात्र एकाही माणसाला मोठं मानत नाही, रैनाचं गुपित (त्या रात्री खोलीत घुसलेला सैनिक) तिला माहीत आहे आणि ते कधी वापरायचं हेही माहीत आहे. पेटकॉफ मंडळी इलेक्ट्रिक बेल लावली आणि घरात लायब्ररी आहे (म्हणजे जुन्या कादंबऱ्यांचं एक फळकूट) यावर फुशारक्या मारतात, त्यांच्यापेक्षा ती पोरगी कितीतरी हुशार.

माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. ब्लंट्श्ली रैनाला मागणी घालतो तेव्हा आईबाप श्रीमंतीच्या गप्पा सुरू करतात, मग हा वडिलांच्या वारशातली हॉटेलं मोजायला लागतो: २०० घोडे, ९६०० जोड्या चादरी-ब्लँकेट, १०,००० सुऱ्या-काटे. लगेच सगळे गप्प! शॉ त्या लोकांचीच खिल्ली उडवतोय हे समजतं, तरी राहून राहून वाटतं की हॉटेलं नसती तर हा साधा, खरं बोलणारा माणूस जावई झाला असता का? लेखकाने तिथून हळूच पळ काढलाय असं माझं मत. रैना निदान एवढं तरी म्हणते की मी विकायला नाहीये.

सूचना एकच, कंसातल्या लांबलचक रंगसूचना स्किप करू नका, अर्धे विनोद तिथेच आहेत. आणि शेवटच्या पानांवर निकोलाकडे नीट बघा, त्या गोंधळात ब्लंट्श्लीला संपूर्ण बल्गेरियात भेटलेला सगळ्यात लायक माणूस कोण वाटतो तर तोच, फ्रेंच आणि जर्मन येत असेल तर हॉटेलचा मॅनेजर करतो म्हणतो त्याला.