अलिबागला पोचण्याआधीच अलिबागहून आले

"मी काय अलिबागहून आलोय का?" आमच्या घरात दिवसातून एकदा तरी कुणीतरी कुणालातरी हे ऐकवतं. अलिबागच्या एका रहिवाशाने या वाक्यावर बंदी आणा म्हणून थेट मुंबई उच्च न्यायालय गाठलं होतं. २०१९ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारनंतर मात्र ते वाक्य म्हणायचा माझा हक्क गेला आहे. सविस्तर लिहिते, कारण आमच्या सोसायटीतली दोन कुटुंबं पुढच्या महिन्यात तिकडेच निघाली आहेत आणि दोघांनीही जागा माझ्यासारखीच मोबाईलच्या नकाशावर शोधली आहे.

नाशिककरांना समुद्राचं भारी अप्रूप. आपली गोदावरी त्र्यंबकला उगम पावते आणि जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून पार बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. आपल्याला समुद्र बघायचा तर घाट उतरण्यावाचून गत्यंतर नाही. आम्ही सहा जण होतो: आम्ही दोघं, मुलगी, सासूबाई, नणंद आणि तिचा अकरावीतला मुलगा.

गुरुवारी रात्री नकाशावर नागावचं एक कॉटेज सापडलं. नारळ-सुपारीची वाडी, समुद्र पाच मिनिटांवर, अभिप्राय उत्तम. (ते अभिप्राय खरेच होते, खोटा होता तो फक्त फोन नंबर.) फोन लावला. "मॅडम, दो ही रूम बचे हैं." दोन एसी खोल्या मिळून ९,००० रुपये, निम्मे आगाऊ. स्वस्त वाटलं, पण स्वस्ताची शंका कुणाला येते? आपण घासाघीस न करता स्वस्त मिळवलं याचाच आनंद जास्त.

त्याने व्हॉट्सअॅपवर खोल्यांचे फोटो, बिलाचा नमुना आणि स्वतःचं म्हणून एक आधार कार्ड पाठवलं. आमचीही सहा आधार कार्डं मागून घेतली. फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार मिळतं, हे मला माहीत होतं, आळस केला. ४,५०० पाठवताना पैसे घेणाऱ्याचं नाव भलतंच दिसलं, कुठल्यातरी मोबाईलच्या दुकानाचं. विचारलं तर म्हणाला, मालकाच्या मेव्हण्याचं खातं आहे.

मग खरी करामत. "मॅडम, एंट्री नहीं हो रही." म्हणे तुमची खोली १८ नंबरची, म्हणून रक्कम ४,५१८ अशीच यायला हवी, तरच सिस्टीम पकडते. पुन्हा पाठवा, आधीचे पैसे रात्रीत आपोआप परत येतील. आता लिहिताना हे किती बावळट वाटतंय! पण त्या वेळी डोक्यात एकच होतं, की ४,५०० अडकलेत आणि ते सोडवायचे आहेत. ४,५१८ही पाठवले. पहिली रक्कम गेली की आपणच त्याच्या बाजूने विचार करायला लागतो.

शेवटी तो म्हणाला, स्टेशनवर न्यायला गाडी पाठवू. अलिबागला प्रवाशांच्या रेल्वेचं स्टेशनच नाही! मला वाटलं, एसटी स्टँडला म्हणत असेल. त्या माणसाने अलिबाग कधी बघितलंही नव्हतं.

शनिवारी पहाटे निघालो. इगतपुरीहून समृद्धीने आमणे, पुढे पनवेल, पेण, वडखळ. दुपारी नागावला कॉटेज सापडलं, फाटकावर पाटी, पाटीवर वेगळाच नंबर. आतून एक काकू आल्या. माझा फोन बघून म्हणाल्या, "तुम्हीपण? गेल्या शनिवारी पुण्याचे आले होते."

नकाशावरच्या जागेत कुणीही बदल सुचवू शकतो. काकूंच्या मुलाने ती जागा मालक म्हणून स्वतःच्या ताब्यात घेतलीच नव्हती, त्यामुळे कुणीतरी नंबर बदलला आणि यांना पत्ताही नाही. नंतर भाच्याने अभिप्रायांखालचे जुने फोटो मोठे करून दाखवले. एका फोटोत फाटकावरची तीच पाटी, तिच्यावर खरा नंबर. गुरुवारी रात्री तो फोटो मी स्वतः पाहिला होता. माझं लक्ष झोपाळ्याकडे होतं.

काकूंच्या खोल्या भरलेल्या होत्या, त्यांनी आक्षीला ओळखीच्या घरी सोय लावून दिली. आणि इथे आमची सगळ्यात मोठी चूक झाली. नणंद म्हणाली, तक्रार आत्ताच करूया. सासूबाई म्हणाल्या, गेले ते गेले, पोरांचा हिरमोड नको. मला सासूबाईंचं पटलं. खरं सांगायचं तर लाज वाटत होती.

बाकी दोन दिवस मजेत गेले, ते नाकारत नाही. रात्री वाडीत पोपटी लावली: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, आणि बाहेरून जाळ. दुसऱ्या दिवशी कुलाबा किल्ल्यात चालत जायचं होतं, तर घरमालकांनी बोटांवर गणित केलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. वद्य तृतीया, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास भरती आणि आठच्या सुमारास ओहोटी. आठला खरोखरच वाळू उघडी पडली होती. आतल्या सिद्धिविनायकाला नमस्कार करून वेळेत परतलो. दुपारच्या जेवणात पापलेटपुढे भाव नव्हता, 'साइजप्रमाणे' लिहिलं होतं. आधी विचारलं नाही, ते ९०० ला पडलं. ती फसवणूक नाही, आमचा आळस.

परतताना पेणला पापड घ्यायला थांबलो आणि त्याच माणसाचा फोन आला. अतिशय नम्र. गैरसोयीबद्दल माफी, पूर्ण परतावा देतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करा. नवऱ्याने स्कॅन केला. पडद्यावर ९,०१८ रुपये आणि खाली टीप 'रिफंड'. त्याने पिन टाकला. शेजारून भाचा ओरडला, "मामा, पैसे घ्यायला पिन लागत नाही!" तोवर खात्यातून ९,०१८ गेले होते. एकूण १८,०३६. पहिले ९,०१८ गेले ते अजाणतेपणी. दुसरे गेले ते सगळं माहीत असताना, पैसे परत मिळवायच्या घाईत. नवरा पनवेल येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलला नाही.

पेणहूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, वेळ, बँक विचारली आणि तक्रारीचा क्रमांक मेसेजने आला. सोमवारी नाशकातल्या सायबर पोलीस ठाण्यात गेलो. समोरच्या कर्मचाऱ्यांनी वेळा वाचल्या आणि विचारलं, "शनिवारी दुपारी कळलं, मग फोन रविवारी संध्याकाळी का?" मी काय सांगणार, पोपटी होती म्हणून? पेणला गेलेल्या रकमेतले ३,२०० समोरच्या बँकेत अडवून ठेवलेत, ते अजून हातात आलेले नाहीत. गुरुवारचे पैसे त्याच रात्री पुढे गेले होते. बँकेच्या ॲपमधली यूपीआयची मर्यादा कमी करून घेतली आणि सगळ्यांच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, हे मात्र घरी बसून दहा-पंधरा मिनिटांत झालं.

काकूंच्या जागेवरचा नंबर आता बरोबर दिसतो. परवा सहज आजूबाजूची कॉटेजं चाळत होते. एका जागेचा नंबर ओळखीचा वाटला, म्हणून नवऱ्याच्या फोनवरून लावला.

"मॅडम, दो ही रूम बचे हैं."

मी विचारलं, स्टेशनवर न्यायला याल का? म्हणाला, हो, जरूर. त्या नंबरचा स्क्रीनशॉटही तक्रारीला जोडला आहे.