जर्मनीची सेकंड हँडबॉल लीग, सांगलीतून बघणाऱ्याचा रिव्ह्यू (4/5)

2023 ला जयपूरच्या प्रीमियर हँडबॉल लीगचं पहिलंच टायटल आपल्या महाराष्ट्र आयर्नमेननी मारलं तेव्हापासून हा नाद लागला, मग ती लीग संपल्यावर बघायचं काय म्हणून शोधत शोधत जर्मनीच्या सेकंड बुंडेसलिगापर्यंत पोचलो. पुरुषांची दोन नंबरची लीग, म्हणजे उरलासुरला माल असणार असं वाटत असेल तर तसं अजिबात नाहीये राव.

18 टीम, प्रत्येकाच्या 34 मॅच, वरच्या दोन थेट पहिल्या लीगमध्ये, प्लेऑफ वगैरे भानगड नाही. तिसऱ्या नंबरवाल्याला काहीच मिळत नाही, त्यामुळे शेवटी शेवटी एकेका पॉइंटसाठी जी मारामारी चालते ती बघण्यासारखी. आणि टीम कसल्या? गुमर्सबाख 12 वेळा जर्मन चॅम्पियन, तरी 2019 ला खाली घसरली आणि वर यायला 2022 उजाडलं. ग्रॉसवालश्टाट तर चारेक हजार वस्तीचं गाव, आपल्या बुधगावएवढंसुद्धा नाही, आणि त्यांनी 1979, 1980 असा लागोपाठ युरोपियन कप उचललाय! ती टीमपण या लीगमध्ये खेळलीय.

खेळ एकदम फास्ट. तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ, दोन्हीकडचे मिळून पन्नास-साठ गोल सहज होतात. कबड्डी बघणाऱ्याला तर लगेच कळेल, कारण टाइमपास करायला लागले की रेफ्री हात वर करतो आणि मग चार पासच्या आत गोलवर बॉल मारायचा (2022 च्या आधी सहा पास होते), डू ऑर डाय रेडच समजा. मला सगळ्यात आवडतं ते गोलकीपर बाहेर काढून सातवा प्लेयर अटॅकला घालतात ते. जमलं तर ठीक, बॉल सुटला तर समोरचा कीपर तिकडनं डायरेक्ट रिकाम्या गोलमध्ये फेकतो आणि अख्खा हॉल बोंबलतो.

आता तक्रारी. कॉमेंट्री जर्मन, स्कोअर सोडून काय कळत नाही, मी म्यूट करून बघतो. टायमिंग हा मोठा प्रॉब्लेम, तिकडं संध्याकाळी साडेसातची मॅच म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे अकरा आणि थंडीत चक्क बारा, सकाळी फर्स्ट शिफ्ट असली की संपलं, हायलाइट्सवर भागवायचं. पण हायलाइट्समध्ये नुसते गोल दिसतात, डिफेन्सची ढकलाढकली, दोन मिनिटं बाहेर बसवलेला प्लेयर, तेवढ्या वेळात समोरच्यांनी धडाधड मारलेले गोल, ही खरी मजा फुल मॅचमध्येच आहे, आणि माझं नेट नेमकं तेव्हाच गोल गोल फिरतं.

नवीन असाल तर सप्टेंबरपासून बघायच्या नादाला लागू नका, कंटाळाल. एप्रिल-मेमध्ये पॉइंट टेबल उघडा, पहिल्या चारातल्या दोन टीम एकमेकांशी कधी भिडतायत ते शोधा आणि तीच मॅच पूर्ण बघा. तेव्हा टाइम अकराचाच असतो, आणि सांगलीच्या उकाड्यात अकराला झोप कुणाला येते.