जुनी हस्तलिखितं शोधण्याजोगी करायची आहेत: स्वयंसेवक बरे की यंत्र?

कागद स्कॅन करून संकेतस्थळावर चढवले की काम झालं, असं बऱ्याच संग्रहांना वाटतं. पण स्कॅन म्हणजे शेवटी फोटोच. त्यात एखादं आडनाव शोधायचं तर पानन् पान चाळणं चुकत नाही. मजकूर कोणीतरी उतरवून काढायलाच हवा.

छापील मजकुराचं फार डोकं खाऊ नका. ओसीआर, म्हणजे चित्रातली छापील अक्षरं ओळखणारी संगणकप्रणाली, चालवा आणि चुका वाचकांना दुरुस्त करू द्या. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८ पासून जुन्या वर्तमानपत्रांसाठी हेच केलं.

खरी गोची हस्ताक्षराची. ट्रान्सक्रिबससारखं साधन हस्ताक्षर वाचतं. पण आधीच शिकवून ठेवलेलं तयार मॉडेल तुमच्या कागदांतल्या अक्षराशी जुळलं नाही तर त्याला शिकवावं लागतं, म्हणजे आधी ५ ते १५ हजार शब्द तुम्हीच अचूक उतरवून द्यायचे. एकाच कारकुनाने वर्षानुवर्षं लिहिलेल्या वह्या असतील तर ही मेहनत वसूल होते. दर चार पानांवर हात बदलत असेल तर नाही. अचूकतेचे आकडेही जपून वाचा. शंभर अक्षरांत पाच चुका ऐकायला किरकोळ वाटतात, पण पाच अक्षरी शब्द धरले तर चारातला एक बिघडलेला निघू शकतो. त्यातही फटका बसतो तो नावांना, आणि लोक शोधायला येतात ती नावंच.

स्वयंसेवकांकडून काम करून घ्यायच्या दोन तऱ्हा आहेत. झूनिव्हर्स या स्वयंसेवकांच्या संकेतस्थळावर सहसा एकच पान अनेकांना स्वतंत्रपणे दाखवतात आणि उत्तरं ताडून पाहतात. तारीख, नाव, तापमान अशा रकान्यांना हे उत्तम. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘ओल्ड वेदर’मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या रोजनिश्यांतून हवामानाच्या नोंदी अशाच काढल्या. मात्र पत्राच्या पाच वेगवेगळ्या प्रती जुळवत बसणं हा वैताग आहे, आणि तो तुमच्याच माथी येतो. फ्रॉमदपेज या हस्तलिखितं उतरवायच्या संकेतस्थळावर आधीच्याने जिथे सोडलं तिथून पुढचा उचलतो, जुन्या आवृत्त्या जपल्या जातात, मजकुरातली नावं सूचीला जोडता येतात. पत्रं आणि डायऱ्या असतील तर माझं मत याच पद्धतीला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा २०१८ चा ‘बाय द पीपल’ उपक्रमही याच वळणाचा: एकाने उतरवायचं, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचं.

लोक फुकट काम करतात म्हणून हा मार्ग स्वस्त, असं मात्र धरू नका. शंकांना उत्तरं देणारा, न लागलेले शब्द सोडवून देणारा माणूस पहिल्या दिवसापासून लागतो. तो नसेल तर चांगले वाचक आधी गळतात.

यंत्र की माणसं, हा प्रश्न पुष्कळदा क्रमाचा असतो. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने २०१० मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमची हस्तलिखितं लोकांपुढे ठेवली. अक्षर भयंकर, खाडाखोड त्याहून. तरी स्वयंसेवकांनी ती उतरवली आणि पुढे त्याच मजकुरावर यंत्राला शिकवलं गेलं. थोडं मनुष्यबळ आणि मोठा, एकाच हस्ताक्षरातला संग्रह असेल तर मीही हाच क्रम धरेन. संग्रह शेपाचशे पानांचा असेल तर यंत्राच्या नादी लागू नका.

हयात व्यक्तींच्या आजारपणाच्या किंवा दत्तकविधानाच्या नोंदी असतील तर त्या चाळून वेगळ्या काढल्याशिवाय दोन्हीपैकी काहीच सुरू करू नका.

आणि साधन ठरवण्याआधी दहा पानांचा उतरवलेला मजकूर तुमच्या सूचीच्या प्रणालीत भरून पाहा. शोधल्यावर नेमकं पान उघडत नसेल, तर पैसे आधी तिथे घाला.