पुण्याच्या नाना पेठेत प्लग केबल घ्यायला जाताना मल्टिमीटर सोबत ठेवा

आमची गाडी २००२ ची होंडा सिटी, दीड लिटरची व्हीटेक. बाबांनी नवी घेतली होती, आता मी चालवते. दोनदा पुनर्नोंदणी झाली आहे. बाबांनी हौसेनं ४-२-१ हेडर (चार सिलेंडरचा धूर आधी दोन, मग एका नळीत नेणारा एक्झॉस्ट) बसवून घेतला होता, तो अजून आहे, आणि टॉप एंडला, म्हणजे जास्त आरपीएमवर, हे इंजिन ज्या आवाजात ओढतं त्यासाठी मी ही गाडी विकत नाही.

जुलैत वाईला जाताना खंबाटकीच्या चढावर ती मिसिंग मारायला लागली, म्हणजे मधूनच एखादा सिलेंडर पेटेना. आयडलिंगला काही नाही, सपाट रस्त्याला काही नाही. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की झटके. अशी तक्रार भार आल्यावरच दिसली, तर गाडीतल्या पेट्रोल पंपाच्या आधी इग्निशनकडे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेकडे बघावं. सिलेंडरमधला दाब वाढला की ठिणगीला तेवढ्याच गॅपवरून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगपर्यंत ते व्होल्टेज नेणाऱ्या केबलचं (प्लग केबल किंवा एचटी केबल) आवरण कुठे चिरलेलं असेल तर त्या व्होल्टेजला प्लगपेक्षा इंजिनच्या बॉडीत उतरणं सोपं पडतं. त्या सिलेंडरमधलं पेट्रोल मग न जळताच बाहेर जातं.

रात्री सोसायटीच्या पार्किंगमधला दिवा बंद करून बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि झाडांना पाणी मारायच्या पंपानं केबलवर हलका फवारा मारला. तीन नंबरच्या केबलवर, बुटाच्या (प्लगवर बसणाऱ्या रबरी टोपीच्या) जरा वर, निळ्या ठिणग्या नाचत होत्या. (असं कराल तर हात लांब ठेवा. ते वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात.) सकाळी चारही केबल काढून मल्टिमीटरनं त्यांचा रेझिस्टन्स (विद्युतरोध) मोजला. होंडाच्या मॅन्युअलमध्ये एका केबलला जास्तीत जास्त २५ किलोओहम दिलेत. तीन नंबरची ३१ दाखवत होती. कार्बन कोअरच्या केबलचं असंच होतं, उष्णतेनं आणि वयानं आतला कार्बन तुटत जातो आणि रेझिस्टन्स चढतो.

आधी मी घाई केली, तेही सांगते. ऑनलाइन एक लाल १० एमएमचा 'रेसिंग' सेट मागवला. दिसायला देखणा. बसवल्यावर मिसिंग गेलं, पण सकाळी आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झला लावलं तर बातम्यांच्या जागी नुसता करकराट, आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो वाढायचा. बाबा याच रेडिओवर सकाळच्या बातम्या ऐकत ऑफिसला जायचे, मलाही तीच सवय आहे. मीटर लावला तर केबलला रेझिस्टन्स जवळपास नाहीच, आत साधी तांब्याची तार. अशी तार रेडिओ लहरी मोकळ्या सोडते. त्रास रेडिओपुरता राहत नाही, इंजिनचा कॉम्प्युटर आणि सेन्सरच्या वायरीही तो आवाज ऐकतात. आमचं आयडलिंग वर-खाली होऊ लागलं होतं. वर हे १० एमएम म्हणजे केबलचा बाहेरून मोजलेला व्यास. आतल्या तारेबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. मी चाकणला वायर हार्नेसच्या कंपनीत क्वालिटीत आहे, हे मला मागवायच्या आधी सुचायला हवं होतं. विकणाऱ्यानं सेट परत घेतला नाही.

मग नाना पेठेत गेले. या दुकानाबद्दलच मला खरं लिहायचंय. आत दोन माणसं उभी राहिली की दुकान भरतं, काउंटरवर काच, काचेखाली डिस्ट्रिब्युटरचे (चारही प्लगना आळीपाळीनं वीज वाटणाऱ्या भागाचे) रोटर आणि कॅप मांडलेल्या. मालक साठीच्या पुढचे. मी म्हटलं, "काका, सिटी व्हीटेकची एचटी केबल हवीय, चांगल्यातली." बाकी दोन दुकानांत यावर लगेच "ताई, ओरिजिनल की लोकल?" आलं होतं. काकांनी विचारलं, "जुनी आणलीय का?" मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी बूट नाकाशी नेला आणि म्हणाले, "तेल आहे. आधी ट्यूबची सील बदला, नाहीतर नवी केबलही वर्षात फुगेल."

बरोबर होतं. या इंजिनात प्लग टॅपेट कव्हरमधून (इंजिनच्या वरच्या झाकणातून) खोल विहिरीत, म्हणजे काकांच्या त्या ट्यूबमध्ये, बसतात आणि विहिरीभोवतीची रबरी सील कडक झाली की तेल आत झिरपतं. माझ्या मेकॅनिकनं बूट पुसून दिला होता, कारण बोलला नव्हता.

काकांनी तीन सेट समोर ठेवले. एक लोकल, कार्बन कोअर. एक तोच लाल सेट, मी ओळखला. तिसरा जपानी बनावटीचा निळा, स्पायरल कोअर, बाहेरून सिलिकॉन. स्पायरलमध्ये बारीक तार फेराइट मिसळलेल्या गाभ्याभोवती गुंडाळलेली असते. रेडिओचा त्रास ती गुंडाळी अडवते, त्यासाठी जास्त रेझिस्टन्सची गरज पडत नाही. हेडरमुळे आमच्या बॉनेटखाली उष्णता जास्त, म्हणून सिलिकॉन मला हवंच होतं. मी विचारलं, "मीटर लावून बघू का?" काकांनी काउंटर मोकळा केला आणि स्वतः एकेक केबल धरून ठेवली. चारही १.२ ते २.१ किलोओहममध्ये. लांब केबलला जास्त, आखूडला कमी, आणि लांबीनं भागल्यावर चौघींचा आकडा जवळजवळ एकच. बनावट एकसारखी आहे हे मला त्यावरून कळलं. लोकल सेटमध्ये आखूड केबलचा रेझिस्टन्स लांब केबलपेक्षा जास्त निघाला. काकांनी तो मुकाट्यानं उचलून मागे ठेवला.

प्लगही तिथूनच घेतले, एनजीके झेडएफआर५एफ-११. त्यातला आर म्हणजे रेझिस्टर प्लग, ११ म्हणजे १.१ मिलिमीटर गॅप. निळा सेट, प्लग, सील आणि डायलेक्ट्रिक (वीज वाहून न नेणाऱ्या) ग्रीसची छोटी ट्यूब मिळून ५,२४० रुपये. एकट्या लाल सेटलाच मी यापेक्षा जास्त मोजले होते.

बसवणं रविवारी घरीच. कॉइल (ते मोठं व्होल्टेज तयार करणारा भाग) डिस्ट्रिब्युटरच्या आत असल्यामुळे चारच केबल. एक काढायची, तिच्या जागी नवी लावायची, मगच दुसरी, म्हणजे सिलेंडर पेटण्याचा १-३-४-२ चा क्रम चुकत नाही. ओढायचं ते बुटाला धरून, किंचित पिळा देऊन, केबलला धरून कधीच नाही. प्लग थंड इंजिनवर १८ न्यूटन-मीटरला आवळायचे. बुटाच्या तोंडाशी ग्रीसचा पातळ हात, आणि आत ढकलताना 'टक्' असं हाताला जाणवेपर्यंत. कंपनीचे प्लॅस्टिकचे होल्डर फेकू नका. तीन आणि चारच्या केबल शेजारी असतात आणि एकामागोमाग पेटतात, चिकटून गेल्या तर एकीतून दुसरीत वीज उतरू शकते.

पॉवर वाढली असं मी म्हणणार नाही, केबलनं ती वाढत नाही. पण खंबाटकीला पुन्हा तिसऱ्यात दाबून बघितलं आणि गाडी लाल रेषेच्या अलीकडेपर्यंत एका दमात गेली. आयडलिंग स्थिर आहे, बातम्या स्वच्छ ऐकू येतात. उरलेला पावसाळा चालवली, एकदाही झटका नाही.

दुकानाबद्दल तक्रारी दोन. गाडी लावायला जागा अजिबात नाही, रिक्षानं जा. आणि निळा सेट नेहमी शिल्लक नसतो, माझ्या सहकाऱ्याला नऊ दिवस थांबावं लागलं. पण काकांनी त्याला मधल्या काळासाठी दुसरं काही गळ्यात मारलं नाही.

सील नीट बसली का हे विचारायला त्यांनी मला महिन्यानं फोन केला. मी पुन्हा गेले तेव्हा त्यांनी माझी चिरलेली तीन नंबरची केबल मागून घेतली. आता ती काउंटरच्या काचेखाली आहे, चिरेवर पांढऱ्या रंगाचा ठिपका लावलेला. गेलात तर बघायला मागा.