विंडोज बदलून देतो म्हणून आला, पेशंटचे रेकॉर्ड घेऊन गेला

55,820 रुपये. आकडा आधी सांगतो, कारण पोलिसांपासून बँकेपर्यंत प्रत्येकाने पहिल्यांदा तोच विचारला. गेलं त्यातलं सर्वात कमी महत्त्वाचं तेच होतं, पण ते कुणाला पटवता येत नाही.

सांगलीत मारुती चौकाच्या अलीकडे माझा दवाखाना आहे, सोनोग्राफीसह. 2019 च्या महापुरात तळमजल्यावरचे सगळे कागद गेले. केसपेपर, जुने रिपोर्ट, रजिस्टर, सगळ्याचा चिखल. तेव्हाच ठरवलं की यापुढे सगळं काँप्युटरवर ठेवायचं. हातात पैसे नव्हते, म्हणून पाच जुने, दुरुस्त केलेले काँप्युटर घेतले. चौथ्या पिढीचे प्रोसेसर, विंडोज 10. सहा वर्षं तक्रार नव्हती.

18 नोव्हेंबर 2025, मंगळवार. ओपीडी भरलेली. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात छापील पत्र. "डॉक्टरसाहेब, विंडोज 10 चौदा ऑक्टोबरला बंद झालं. पीसीपीएनडीटीच्या तपासणीत सापडलं तर मशीन सील होईल." पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा. त्या माणसाचं पहिलं वाक्य अर्धं खरं होतं आणि दुसरं पूर्ण खोटं. 14 ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले, काँप्युटर बंद पडत नाहीत. घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत जादा अपडेटची सोय आहे, संस्थांसाठी पैसे भरून त्यापुढेही आहे. पीसीपीएनडीटी कायद्याला तुमच्या विंडोजशी काहीही देणंघेणं नाही. पण 2017 मध्ये म्हैसाळचं बेकायदा गर्भपातांचं प्रकरण झालं तेव्हापासून या जिल्ह्यात सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरसमोर 'तपासणी' शब्द उच्चारला की काय होतं, ते इथल्या डॉक्टरांना विचारा. त्या माणसाला ते नेमकं माहीत होतं.

बिल असं: विंडोज 11 चं लायसन्स 6,500 प्रमाणे पाच, 32,500. हार्ड डिस्कच्या जागी नव्या एसएसडी पाच, 11,000. डेटा शिफ्टिंग 5,500. त्यावर 18 टक्के जीएसटी 8,820. जुन्या हार्ड डिस्क 'बायबॅक', प्रत्येकी 400, म्हणजे वजा 2,000. आगाऊ 30,000 यूपीआयने, काम झाल्यावर 25,820. पैसे दुकानाच्या नावावर गेले नाहीत, एका व्यक्तीच्या नावावर गेले. ते नाव मी स्क्रीनवर वाचलं आणि पिन टाकला.

पण मनातून जात नाही ते वेगळंच. दुपारी अडीचच्या सुमारास रिसेप्शनवरची मुलगी दारात येऊन म्हणाली, "सर, स्क्रीनवर लाल मेसेज येतोय, हॅकटूल असं काहीतरी. ते म्हणतात अँटिव्हायरस बंद करा." टेबलावर पेशंट होती, माझ्या हातात प्रोब होता. मी मान न वळवता म्हणालो, "ते सांगतात तसं कर." विंडोजचं स्वतःचं संरक्षण ओरडून सांगत होतं की हे चोरीचं ॲक्टिव्हेशन आहे. वीस वर्षांची मुलगी ते वाचून माझ्यापर्यंत आली होती. तिला थांबायचं होतं, मी थांबू दिलं नाही. लायसन्सचे पैसे घेणारा माणूस अँटिव्हायरस का बंद करायला लावेल? त्याला त्याच क्षणी दाराबाहेर काढा.

मी निष्काळजी माणूस नाही. बिल मागितलं, जीएसटी नंबर आहे का ते पाहिलं. नंबर होता. अक्षरं मोजली नाहीत. जीएसटी नंबर 15 अक्षरी असतो, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. त्याचा 14 अक्षरी होता. जीएसटीच्या साइटवर टाकला असता तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

11 डिसेंबरला एक जुनी पेशंट मागचा रिपोर्ट मागायला आली. फोल्डरवर क्लिक केलं, उघडेना. त्याने डेस्कटॉपवरचे नुसते शॉर्टकट नव्या डिस्कवर आणले होते, मूळ फाइली आणल्याच नव्हत्या. मधले 23 दिवस नव्या नोंदी नीट होत होत्या, म्हणून संशय आला नाही. सहा वर्षांचं रेकॉर्ड त्या पाच हार्ड डिस्कवर होतं आणि त्या मी प्रत्येकी 400 रुपयांना विकल्या होत्या. एफ फॉर्मच्या (गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी या कायद्याने भरावा लागणारा फॉर्म) सहीच्या कागदी प्रती कपाटात होत्या, म्हणून कायद्याच्या बाजूने तरी वाचलो.

पुण्याहून भाचा आला, त्याने सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशन उघडून दाखवलं. तिथे 'तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिसने' असं लिहिलं होतं. माझी कुठली आली असली सर्व्हिस? तुमच्या दवाखान्यात हे आजच पाहा. आणि ऐका: विंडोज 10 अस्सल असेल आणि काँप्युटर पात्र असेल, तर 11 फुकट मिळतं. पात्र आहे का ते मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' सांगतं, तेही फुकट. माझे पात्र नव्हतेच. त्या ठगाने पात्रतेची तपासणी चुकवून 11 बसवलं होतं.

बिलावरच्या पत्त्यावर बंद शटर. फोन बंद.

पोलीस ठाण्यात म्हणाले, "बिल दिलंय, काम केलंय, मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे." मी हार्ड डिस्कचं सांगितलं. "जुन्या डिस्कची किंमत?" चारशे. "म्हणजे दोन हजारांसाठी आलात? आणि त्या तुम्हीच विकल्या." हजारो बायकांची नावं, पत्ते, गरोदरपणाचे तपशील एका ठगाच्या पिशवीत आहेत, आणि समोरचा माणूस दोन हजारांचा हिशेब करतो! सायबरकडे पाठवलं. तिथे विचारलं, ओटीपी दिला का? लिंक उघडली का? नाही? मग हे सायबरमध्ये बसत नाही, ठाण्यात जा. ठाण्यात परत गेलो तर साहेब बंदोबस्ताला. बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. चार फेऱ्या, चार दिवसांची ओपीडी बुडाली, आणि हातात फक्त अर्जाची पोच. वकिलांनी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 घालून लेखी तक्रार करून दिली, तेव्हा कुठे ती पोच तरी मिळाली. तोंडी बोलू नका, पहिल्या दिवसापासून लेखी द्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला सायबर हेल्पलाइनच्या 1930 ला फोन करा. मी 23 दिवसांनी जागा झालो.

जुनी डिस्क कुणालाही देऊ नका. फुकट नाही, बायबॅक नाही, 'साफ करून आणतो' म्हणालं तरी नाही.

सांगली-मिरजेत जुने काँप्युटर, सुटे भाग घेणाऱ्या दुकानदारांना हात जोडून विनंती: 18 नोव्हेंबरनंतर कुणी एकदम पाच हार्ड डिस्क विकल्या असतील आणि त्यात सोनोग्राफीचे रिपोर्ट दिसले असतील, तर डिस्क पुढे विकू नका. मारुती चौकाकडे येऊन सोनोग्राफीचा दवाखाना विचारा. जी किंमत दिली असेल ती मी देतो.